ज्यांना कळलं असतं

दोन हजार सतरा सालची गोष्ट. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. पनवेलच्या कोर्टासमोरच्या गल्लीत किशोरी वकिलीणबाईंचं ऑफिस होतं, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर. तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून रेवाबाई एक कागद वाचत होत्या. कागद म्हणजे त्यांचंच प्रतिज्ञापत्र. टाइप होऊन तयार होतं, फक्त सही राहिली होती. नाव रेवा दिनानाथ घरत, वय सहासष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार खांदा कॉलनी, नवीन पनवेल. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पुढे लिहिलं होतं, ‘जगन हा माझा सख्खा धाकटा भाऊ असून तो हयात असता तर ते मला स्वाभाविकपणे कळले असते. सन २००९ पासून आजतागायत तो हयात असल्याचे मला कोणत्याही प्रकारे कळलेले नाही.’ रेवाबाईंनी पेनचं टोपण काढलं, कागदावर हात ठेवला, आणि ‘कोणत्याही प्रकारे’ या दोन शब्दांपाशी त्यांचा हात जो थांबला तो थांबलाच. खालच्या झेरॉक्स मशीनचा उजेड जिन्यात येत होता, जात होता.

“मॅडम, पेन चालत नाही का?” किशोरीनं विचारलं. ती त्यांचीच विद्यार्थिनी, बारावीला तर्कशास्त्र घेतलेल्या शेवटच्या काही तुकड्यांमधली. अजून मॅडमच म्हणायची.

“चालतंय गं. चष्मा जरा…”

“चष्मा डोळ्यांवर आहे, मॅडम.”

“म्हणूनच सगळं दिसतंय,” रेवाबाई म्हणाल्या आणि कागदाची घडी घालून त्यांनी पर्समध्ये टाकला. “घरी नीट वाचते. गुरुवारी तारीख आहे ना? गुरुवारी सही करून आणते.”

किशोरीच्या कपाळावर एक बारीक आठी आली, आणि ती आठी रिक्षात बसल्यावरही रेवाबाईंच्या डोळ्यांसमोरून जाईना. उड्डाणपुलाखाली रिक्षा अडकली. डिझेलचा धूर, कुणाच्या तरी गाडीवरच्या वडापावच्या तेलाचा वास, आणि या सगळ्याच्या तळाशी, कुठून आला कोण जाणे, खाडीच्या चिखलाचा वास. वारा पश्चिमेचा असला की तो इतक्या आत येतो का? रेवाबाईंना तो नेहमी येई. दिनानाथ म्हणत, “तो तुझ्या नाकातच आहे. लग्नात हुंड्यात आणलास.” गव्हाणच्या मिठागरावर बालपण गेलेल्या माणसाला खांदा कॉलनीतल्या तिसऱ्या मजल्यावरही तो वास सोडत नाही हे खरं होतं. रेवाबाईंनी पर्स घट्ट धरली. आत ती घडी होती. अर्ज मनिषाचा होता, जगनच्या बायकोचा. जगन आठ वर्षांपूर्वी एका सकाळी पाण्याच्या पंपाचा पट्टा आणायला म्हणून गव्हाणहून मोटरसायकलवर निघाला. मोटरसायकल पनवेलच्या एसटी स्टँडबाहेर कुलूप घातलेली सापडली. पट्टा कुठल्याच दुकानातून घेतलेला नव्हता. माणूस सापडला नाही, आणि माणसाचं काही सापडलं नाही. सात वर्षं ज्याची खबर नाही त्याच्या बायकोला कायदा मोकळं करतो. पण ज्यांना कळलं असतं अशा माणसांनी येऊन सांगावं लागतं की आम्हाला कळलं नाही. आईवडील केव्हाच गेलेले. अशी माणसं उरली दोन. मनिषा आणि रेवाबाई.

मोकळं होऊन मनिषाला काय करायचं होतं, तेही रेवाबाईंना ठाऊक होतं, कारण मनिषानं आधी त्यांनाच विचारलं होतं. गणपतीच्या दिवसांत ती आली होती, पिशवीत भोपळ्याचा वेल घेऊन, आणि ओट्याशी उभी राहून वेलाची पानं खुडता खुडता म्हणाली होती, “ताय, ते कमलाकर गुरुजी हायत ना, आमच्या शालंतले. त्यांची बायको जाऊन सा वर्षं झाली.” एवढं बोलून ती बराच वेळ नुसती पानं खुडत राहिली. मनिषा गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. कमळाकर गुरुजी त्याच शाळेत. बावन्न वर्षांचे, शांत, अक्षर मोत्यासारखं. रेवाबाई म्हणाल्या होत्या, “विचारलं का त्यांनी?” तर मनिषा म्हणाली, “इचारलं कुठं! दोन महिने झाले, रोज खिचडी चाखून म्हंतात, मीठ बरोबर हाय. आधी कदी चाखत नव्हते.” दोघी हसल्या होत्या. मग मनिषा एकदम गंभीर होऊन म्हणाली, “तुमी हो म्हनाल तरच, ताय. तुमचा भाव हाय तो.” आणि रेवाबाईंनी क्षणाचाही विचार न करता हो म्हटलं होतं. मनिषा त्रेचाळीस वर्षांची होती. पस्तिसाव्या वर्षापासून ती ना सवाष्ण होती ना विधवा. हळदीकुंकवाला बोलवावं की न बोलवावं, या विचारानं बायका तिला दारातच उभं करत. हो म्हणायला विचार कशाला करायचा होता? पण त्या वेळी ‘कोणत्याही प्रकारे’ हे शब्द कुठे होते!

रेवाबाईंनी तेहेतीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं होतं. पहिल्या तासाला त्या फळ्यावर काहीच लिहीत नसत. विचारत, “सकाळी चहा करताना दूध नासलंय की नाही हे आधी तपासून बघता का?” पोरं नाही म्हणत. “मग ओतता कसं?” आणि मग त्या सांगत, की आपण जगतो ते पुराव्यावर नाही, गृहीत धरून. काल चांगलं होतं, फ्रिजमध्ये होतं, म्हणजे चांगलं असणार. चहा फाटला की गृहीत मागं घ्यायचं. त्यात लाज नाही. लाज कशात आहे, तर फाटलेला चहा समोर असताना दूध चांगलंच होतं म्हणून भांडण्यात. पोरांना हे आवडायचं. मग हळूच नियम यायचे, आधारविधानं, निष्कर्ष, पक्षी उडतात, शहामृग पक्षी आहे. “नियमाला अपवाद असतो हे सगळ्यांना माहीत असतं,” त्या म्हणत, “आपल्यासमोर उभा आहे तो अपवाद आहे की नाही, एवढंच काय ते माहीत नसतं.” किशोरी पहिल्या बाकावर बसून हे वाक्य उतरवून घ्यायची. आणि आता तीच किशोरी तिच्या त्याच ठसठशीत अक्षरात त्यांच्यापुढे खूण करून ठेवते, सही इथे. सही करायला हरकत काय होती? हरकत एवढीच, की रेवाबाईंना कळलं होतं. चार वर्षांपूर्वी, त्यांच्या एकटीच्या डोळ्यांना, कळलं होतं.

रिक्षा सुटली. खांदा कॉलनीचा पिंपळ, भाजीवाल्या, गणपतीचं देऊळ हे सगळं पुढे सरकत आलं, पण रेवाबाई मागे मागे चालल्या होत्या. त्यांच्या वडिलांचं आगर होतं, म्हणजे मिठागरातले सात वाफे. लहान असताना ताडावरून पडून वडिलांचा डावा पाय आखूड झाला होता. दिवाळी झाली की वाफ्यांचा तळ तुडवायचं काम निघे. ओला चिखल पायांनी इतका दाबायचा, इतका घट्ट करायचा, की भरतीचं पाणी कोंडलं तर ते खाली मुरू नये, उन्हानं वरच आटावं आणि मीठ धरावं. दुसरे आगरी दोन्ही पाय सारखे मारत. वडिलांचा डावा पाय तितका पडेना, म्हणून ते उजव्या टाचेचे दोन ठोके देत आणि डाव्या पायाच्या कडेनं एक. दोन आणि एक, दोन आणि एक, तिरकं सरकत. चिखलावर त्याची नक्षी उमटे, घट्ट घातलेल्या वेणीसारखी. साऱ्या खाडीत तशी नक्षी फक्त त्यांच्या वाफ्यात. बाईनं मात्र ओल्या वाफ्यात पाय घालायचा नाही अशी त्यांच्या आगरावरची रीत. मीठ पिकलं की पाट्या वाहायच्या बायकांनी, पण तळ तुडवायचा पुरुषांनी. बाईचा पाय लागला तर मीठ काळं पडतं म्हणत. रेवा दहा वर्षांची असताना वडिलांना ताप भरला, भाऊ तेव्हा जन्मलाही नव्हता, आणि उधाणाचा दिवस तोंडावर आला होता. वडील बांधावर गोधडी पांघरून बसले आणि म्हणाले, “रेवे, उतर. परकर खोच. माती पानी पिली नाय पायजे, तिचा तोंड बंद कर. दोन मार, एक मार. आनि कोनाला सांगू नको.” मीठ त्या वर्षी पांढरंशुभ्र आलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. शाळेत, कॉलेजात, एवढ्या मोठ्या नोकरीत, ती एक गोष्ट तिच्या पायांत होती आणि तिच्या वडिलांच्या पोटात. पुढे जगन मोठा झाला, तोही तसंच तुडवायला शिकला. त्याचे दोन्ही पाय चांगले धडधाकट होते, पण वडिलांचं लंगडणं त्यानं जसंच्या तसं उचललं. वडील गेले. जमीन सरकारजमा होऊन जमाना झाला होता, पण भराव पडेपर्यंत कुणी विचारत नव्हतं, म्हणून जगन दरवर्षी हौसेनं एक वाफा धरायचा, घरापुरतं मीठ काढायचा. बहिणीला पिशवीभर आणून द्यायचा. “दुकानातला खाऊ नको, त्याला चव नाय, नुसता खारट हाय.”

तो गेल्यावरही रेवाबाई दर भाऊबीजेला गव्हाणला जात. ओवाळायला भाऊ नव्हता, पण मनिषा एकटी बसेल म्हणून जात. दोन हजार तेराच्या भाऊबीजेला दुपारी मनिषाचा डोळा लागला आणि त्या पाय मोकळे करायला म्हणून बांधावरून आगराकडे गेल्या. सहा वाफे गवतानं भरले होते. सातवा साफ होता. गवत उपटलेलं, कडा बांधलेल्या, आणि तळावर, नुकत्याच येऊन गेलेल्या भरतीनं जराशी पुसट झालेली, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, वेणी. दोन आणि एक. दोन आणि एक. रेवाबाई बांधावर बसल्या. वडील जाऊन अठरा वर्षं झाली होती. आपण स्वतः तुडवलेलं नाही. हे येणारी माणसं जगात तीन. म्हणजे? याहून स्वच्छ अनुमान त्यांनी तेहेतीस वर्षांत फळ्यावर लिहिलं नव्हतं. जगन जिवंत होता. जगन इथे येऊन गेला होता, आठ-दहा दिवसांपूर्वी, या चिखलात उभा होता. त्यांनी वाकून चिखलाला बोट लावलं आणि ते बोट जिभेवर ठेवलं. खारट लागलं. रडू आलं की हसू, ते आज त्यांना सांगता यायचं नाही.

त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. मनिषाला कसं सांगणार? घरापासून हाकेच्या अंतरावर येऊन, दिवसभर राबून वाफा करून, तो घरात न डोकावता निघून गेला, हे बायकोला कोणत्या तोंडानं सांगायचं? तिच्यासाठी तो मेलेला बरा की असा आलेला बरा? रेवाबाईंनी स्वतःला समजावलं की आपण मनिषाला जपतोय. ते खोटं नव्हतं. पण त्याच्याखाली दुसरं एक काही होतं, ज्याकडे त्या सहसा बघत नसत. तो वाफ्यात आला, म्हणजे तो वडिलांकडे आला, म्हणजे तो माझ्याकडे आला, असं काहीतरी. ते त्यांना वाटून घ्यायचं नव्हतं. चार वर्षं त्या त्यावर जगल्या. रात्री झोप आली नाही की मनातल्या मनात म्हणायच्या, कुठेतरी आहे, पाय चांगले आहेत, काम करतोय. आणि झोप यायची. आता कोर्टात शपथेवर ‘नाही’ म्हणायचं तर ती पावलं पुसायची. ‘आहे’ म्हणायचं तर मनिषाची सात वर्षं तेरा सालापासून मोजायची, म्हणजे आणखी तीन वर्षं, आणि तीन वर्षांनी पुन्हा कुणी काही बघितलं तर आणखी सात. गुरुजी थांबतील का? आणि का थांबावं त्यांनी?

घरी दिनानाथ डाळिंब सोलत बसले होते. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरातली सगळी बारीक कामं त्यांनी स्वतःकडे घेतली होती. “झाली सही?”

“नाही.”

“का? शुद्धलेखनाच्या चुका काढत बसलीस?”

रेवाबाईंनी त्यांना त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, आणि आपण वाफ्यात उतरलो होतो हेही त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच सांगितलं. दिनानाथांनी ऐकून घेतलं. वाटीत दाणे टपटप पडत होते. मग ते म्हणाले, “चार वर्षं एकटीच घेऊन बसलीस? मला नाही सांगितलंस ते जाऊ दे, मी पोस्टातला माणूस, दुसऱ्याची पत्रं न वाचण्याची सवय आहे मला. पण मनिषाला?”

“तिला दुखावणारं होतं ते.”

“दुखावणारं असलं तरी पत्र तिच्या नावचं होतं, रेवा. तू मधल्या मधे ठेवून घेतलंस.”

त्या रागावल्या. जेवल्या नाहीत धड. पण ते वाक्य अंगात रुतलं. त्यांना राहून राहून एक गोष्ट आठवत होती. त्या दिवशी बांधावर बसून असताना त्यांच्या मनात एकदा आलं होतं, की उतरावं, आपला पाय त्या ठशाशेजारी ठेवून बघावा. माप कळलं असतं. जगनचा पाय फावड्यासारखा होता. उतरल्या नाहीत. चप्पल काढायचा कंटाळा आला, असं तेव्हा वाटलं होतं. पण कंटाळा नव्हता तो. विद्यार्थ्याच्या पेपरात असं काही दिसलं असतं तर त्यांनी लाल शाईनं लिहिलं असतं, उपलब्ध पुरावा तपासला नाही, आणि अर्धे गुण कापले असते.

बुधवारी सकाळी त्या गव्हाणला गेल्या. शाळा सुटायची होती. मागच्या पडवीत मनिषा मोठं पातेलं घासत होती. हात कोपरापर्यंत राखेनं माखलेले. त्यांना बघून घाबरली. “काय झालं ताय? तारीख पुडं गेली?”

“तारीख उद्याच आहे. हात धू. मला तुला काही सांगायचंय, आणि ते तू बसून ऐक.”

मनिषानं हात धुतले, पदराला पुसले, पातेलं पालथं घालून त्यावरच बसली. रेवाबाई उभ्याच राहिल्या. वर्गात बोलायच्या तसंच त्यांनी क्रमानं सांगितलं, कारण तसं सांगितलं नसतं तर त्यांना सांगता आलं नसतं. वडिलांचा पाय. दोन आणि एक. हे येणारी तीन माणसं. तेरा सालची भाऊबीज. सातवा वाफा. “तो जिवंत होता, मनिषा. निदान तेव्हा तरी होता. मी तुझ्यापासून लपवलं. उद्या कोर्टात मला खोटं बोलता येणार नाही. तुझं लग्न माझ्यामुळे अडेल. तू मला काय बोलायचं ते बोल.”

मनिषा त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, धक्का नव्हता. दुसरंच काहीतरी होतं, लाजल्यासारखं. ती खाली बघून म्हणाली, “ताय, तो मी तुडवलेला.”

रेवाबाईंना ऐकू आलं, पण कळलं नाही.

“मीच व्हते. त्या साली दिवालीच्या आदल्या हप्त्यात. दोन दिस लागले मना.”

“तुला कसं येईल? तुला कुणी शिकवलं?”

“त्यानंच. लगीन झालं त्या साली. मना घरात गुदमरायला व्हायचं, नवीन व्हते, तो सांजचा घेऊन जायचा आगरावर. कोन बघत नाय बघून म्हनायचा, उतर. मी म्हनलं, बाईनं उतरू नाय ना? तर म्हनला, मीठाला काय कलतं बाईचा पाय का बाप्याचा.” मनिषा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “मग दरसाल आमी दोघंच करायचो. लोक म्हनायचे जगननं केला. तुमाला यायची ना मिठाची पिशवी? त्यातला आर्दा माझ्या पायाचा व्हता. तुमाला सांगायची लाज वाटं. तुमी शिकलेल्या, पन आगराची रीत मोडली म्हनाल का काय.”

“आणि तेरा साली?”

“चार वर्सं झाली व्हती. त्याचा तोंड आठवत नवता मना नीट. फोटू बघितला की फोटूच आठवायचा. म्हनलं, पायांना आठवतं का बघूया. तर पायांना आठवला, ताय. दोन मारले, एक मारला, आनि तो बाजूला हाय असं वाटला. मीठ नाय धरला मी. नुसता तुडवला, आनि घरी आले.”

रेवाबाई पडवीच्या कठड्यावर बसल्या. समोर मैदानात पोरं आट्यापाट्या खेळत होती, कुणीतरी ‘बाद, बाद’ म्हणून ओरडत होतं. तीन माणसं. त्यांनी मोजली होती तीन. ज्या नियमानं मनिषाला त्यांनी मोजणीतून वगळलं, बाई वाफ्यात उतरत नाही, तो नियम त्यांनी स्वतः दहाव्या वर्षी मोडला होता. सारा जन्म पोरांना सांगत आल्या की समोर उभा आहे तो अपवाद आहे का ते बघा, आणि स्वतः अपवाद असताना, अपवाद आपण एकट्याच आहोत असं धरून चालल्या. हे समजायला तर्कशास्त्र लागत नव्हतं. लागत होतं ते इतकंच, की भावाच्या बायकोला कधीतरी विचारायचं, तुमचं कसं चाललं होतं गं, तुम्ही दोघं काय करत होतात? ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. जगन आपला, आणि मनिषा त्याच्या घरातली, असंच त्यांनी धरलं होतं. आणि मग, ही सगळी ओळ पूर्ण झाल्यावर, शेवटचा निष्कर्ष आला. म्हणजे तो आला नव्हता. ज्या पावलांवर त्या चार वर्षं झोपल्या ती त्याची नव्हती. पडवीतल्या पडवीत, भर सकाळी, पोरांच्या गलक्यात, रेवाबाईंचा भाऊ त्यांच्यासाठी पहिल्यांदा नाहीसा झाला. त्यांना रडताना बघून मनिषा उठून जवळ आली, राखेचा वास येणाऱ्या हातांनी तिनं त्यांचं डोकं पोटाशी धरलं, आणि म्हणाली, “माझ्यामुलं तुमाला चार वर्सं फुकट आशा लागली, ताय. मना माफ करा.”

“फुकट नाही गं,” रेवाबाई म्हणाल्या. “फुकट नाही.” आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं की हे नुसतं समजूत घालायला म्हटलेलं नाही. ती चार वर्षं चुकीच्या आधारावर होती, पण त्या वर्षांतली झोप खरी होती. ती मनिषाच्या पायांनी दिली होती. निष्कर्ष कोसळला म्हणून त्याच्यावर जगलेले दिवस परत घेता येत नाहीत. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं आणि त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. खिचडीचा वास अजून पडवीत होता. कमळाकर गुरुजी दाराशी आले, दोघींना तशा बघितलं, आणि पावलांचा आवाज न करता मागे फिरले. रेवाबाईंनी ते पाहिलं. मनात म्हणाल्या, माणूस बरा आहे.

गुरुवारी त्यांनी सही केली. किशोरीनं विचारलं, “नीट वाचलंत ना, मॅडम?” त्या म्हणाल्या, “आता वाचलं.” तरीसुद्धा साक्षीच्या वेळी, कुणी विचारलं नसताना, त्यांनी वाफ्याची गोष्ट सांगितली. चार वर्षं आपला काय समज होता आणि तो कशानं गेला, हे सगळं. किशोरीनं कपाळाला हात लावला. न्यायाधीश एक तरुण बाई होत्या, आवाज बारीक. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे आज तुम्हाला तो जिवंत असल्याचं काही माहीत आहे का?” “नाही.” “मेल्याचं?” “तेही नाही.” न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. “मग ठीक आहे. तुमचा भाऊ मेला असं मी लिहिणार नाहीये. त्याची खबर नाही, एवढंच लिहिणार आहे. बायकोला मोकळं करायला तेवढं पुरतं. उद्या तो आला तर आला. त्याला यायला या कागदाची आडकाठी नाही.” रेवाबाईंनी हात जोडले. कोर्टात असे हात जोडू नयेत, किशोरी नंतर म्हणाली. पण त्यांना राहवलंच नाही. एका बाईला मोकळं करण्यासाठी दुसरीच्या भावाला मारावं लागत नाही, अशी जागा कुणीतरी, कधीतरी, विचार करून कायद्यात ठेवली होती. कुणी ठेवली, कोण जाणे. त्या अनोळखी माणसाचे त्यांनी मनात आभार मानले.

निकाल पुढच्या उन्हाळ्यात लागला. किशोरीचं ऑफिस आता झेरॉक्सच्या माडीवर नाही. पुढं तिनं कोर्टाच्या नव्या इमारतीजवळ दोन खोल्या घेतल्या. गायब माणसांच्या बायकांच्या केसेस ती पैसे न घेता चालवते, आणि साक्षीदारांना आधीच बजावते की विचारलं तेवढंच बोला. दिनानाथ दोन हजार वीसच्या हिवाळ्यात झोपेतच गेले. शेवटपर्यंत डाळिंबं त्यांनीच सोलली. आगरावर भराव पडला. सात वाफे नेमके कुठे होते हे आता रेवाबाईंनाही रस्त्यावरून दाखवता येत नाही, आणि दाखवावं असं फारसं वाटतही नाही. मनिषा आणि कमळाकर गुरुजींनी पनवेलला नोंदणी करून लग्न केलं. साक्षीदार म्हणून रेवाबाई गेल्या. नातं काय लिहायचं म्हणून कारकून अडला, तेव्हा मनिषाच म्हणाली, “लिवा की, घरचं मानूस.” गुरुजी निवृत्त झाल्यावर ती दोघं शिरढोणला राहायला गेली. हळदीकुंकवाला आता तिला दारात कुणी थांबवत नाही. उलट ती उशिरा येते म्हणून बायका कुरकुरतात. रेवाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत, दर भाऊबीजेला त्या शिरढोणला जातात आणि मनिषाच त्यांना ओवाळते.

जगनचं काय झालं ते कळलेलं नाही. गव्हाणचं घर बंद असतं. त्याच्या दारावर शिरढोणचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला आहे, मोठ्या, मोत्यासारख्या अक्षरात. खाऱ्या वाऱ्यानं वर्षभरात रंग उडतो. मग पावसाळा सरला की कमळाकर गुरुजी छोटा डबा आणि ब्रश घेऊन तिथे जातात, आणि पत्ता पुन्हा गिरवून येतात.